हात लावेपर्यंत उत्तम

२ ऑक्टोबर २००८ रोजी नोकियाने लंडनमध्ये ‘५८०० एक्सप्रेसम्युझिक’ हा फोन जाहीर केला. कर आणि सवलती सोडून किंमत २७९ युरो, म्हणजे तेव्हाच्या दराने अठरा-एकोणीस हजार रुपये. भारतातल्या दुकानांत तो आला तो विशीच्या घरात. लंडनच्या त्या घोषणेआधी सहा आठवडे, २२ ऑगस्टला, एअरटेल आणि व्होडाफोन यांनी इथे आयफोन ३जी विकायला काढला होता. त्याच्या ८ जीबीच्या मॉडेलला ३१ हजार रुपये पडत होते. टचस्क्रीनचा फोन हवाय, पण एवढे पैसे घालवायची तयारी नाही, अशा माणसाला नोकियाने मोठीच सोय करून दिली असं दिसत होतं.

आणि लगेच मतं फुटली. ज्यांनी तो विकत घेतला ते म्हणत, या पैशात एवढं सगळं दुसरं कोण देतंय? गाणी, सिनेमा, रेडिओ, कॅमेरा, वायफाय, जीपीएस, सगळं आहे. ज्यांनी आयफोन हातात धरून पाहिला होता ते म्हणत, सगळं आहे, पण स्क्रीनला बोट लावलं की मजा जाते. पंधरा-सोळा वर्षांनंतर हा वाद पुन्हा वाचताना एक गोष्ट लक्षात येते. दोन्ही बाजू खरं बोलत होत्या आणि एकमेकींचे मुद्दे क्वचितच खोडत होत्या. एक बाजू फोनमध्ये काय काय आहे ते मोजत होती, दुसरी ते वापरताना कसं वाटतं ते सांगत होती. या फोनपुरते हे दोन प्रश्न इतके वेगळे पडले की एकच वस्तू एकाला वरदान वाटली आणि दुसऱ्याला ताप.

तो बनला होता करमणुकीसाठी. बाजारात येण्याआधी त्याचं टोपणनाव ‘ट्यूब’ होतं. ‘द डार्क नाइट’ या बॅटमनपटात तो जाहीर होण्याच्या आधीच झळकून गेला होता. स्क्रीन ३.२ इंचांची, पण लांबुडकी, १६:९ प्रमाणाची, ६४० बाय ३६० ठिपक्यांची. हिशेब केला तर ही २,३०,४०० ठिपक्यांची स्क्रीन होते. आयफोनची स्क्रीन साडेतीन इंचांची, म्हणजे आकाराने मोठी, पण तिच्यावर ठिपके ४८० बाय ३२०, एकूण १,५३,६००. नोकियाकडे बरोबर दीडपट. इंचाला २२९ ठिपके विरुद्ध १६३. फोटो आणि सिनेमाची चौकट या छोट्या स्क्रीनवर जास्त रेखीव दिसायची, त्यात शंका नाही. रुंद पडद्यासाठी चित्रित केलेला सिनेमा लावला की वरखाली काळ्या पट्ट्या राहायच्याच, पण आयफोनपेक्षा बारीक.

सिनेमा फोनमध्ये चढवणं मात्र वेगळं प्रकरण होतं. व्हिडिओ चालवायचं काम रिअलप्लेअरकडे होतं. मित्रांच्या संगणकांवर ज्या एव्हीआय फाइली फिरत असत त्या त्याला पचायच्या नाहीत. त्या आधी एमपी४मध्ये बदलून घ्याव्या लागत. तेव्हाच्या घरगुती संगणकाला एका सिनेमासाठी दीड-दोन तास सहज लागायचे. जो एवढे कष्ट घेई त्याला एस.टी.च्या प्रवासात अख्खा सिनेमा बघता येई. जो घेत नसे, तो दुकानदाराकडून ‘भरून’ घेई.

आवाजाच्या बाबतीत तर टीकाकारांनाही बोलायला फारशी जागा नव्हती. वरच्या कडेला साधं ३.५ मिलिमीटरचं छिद्र होतं, म्हणजे कुठलाही ईअरफोन चालणार. आज याचं कौतुक वाटणार नाही, पण त्या काळात कंपन्या ईअरफोनसाठी आपापले जगावेगळे सॉकेट काढत. नोकियाचा स्वतःचा ‘पॉप-पोर्ट’ अनेकांच्या आठवणीत असेल. त्याच ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत विकायला आलेल्या पहिल्या अँड्रॉइड फोनलाही, म्हणजे एचटीसीच्या जी१ला, साधा जॅक नव्हता. ५८००च्या एका कडेला दोन स्पीकर होते आणि त्यांचा आवाज खोलीभर जायचा. लोकलच्या डब्यातही जायचा, आणि ज्याला ते गाणं नको असे त्याचं या फोनबद्दलचं मत तिथल्या तिथे तयार होई. कंपनीचा दावा होता की एकदा चार्ज केल्यावर ३५ तास गाणी ऐकता येतील. १३२० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी आणि छोटी स्क्रीन बघता तो फार अतिशयोक्त नव्हता, कारण गाणी वाजताना स्क्रीन बंदच असायची.

खोक्यात ८ जीबीचं मेमरी कार्ड मिळायचं. १२८ केबीपीएसने साठवलेलं पाच मिनिटांचं गाणं साधारण पावणेपाच-पाच एमबीचं होतं, तेव्हा त्या कार्डात सोळाशेच्या आसपास गाणी मावत. कार्डाबरोबर फोन तिरका उभा करायचं एक छोटं स्टँड, टीव्हीला जोडायची केबल आणि गिटारच्या नखीसारखं एक प्लास्टिकचं त्रिकोणी पान. हे पान दोरीने फोनला लटकवायचं आणि त्याने स्क्रीनवर टोचायचं. संगीताच्या फोनला गिटारची नखी, अशी जाहिरातवाल्यांची कल्पना. त्या नखीची गरज का पडावी, याचं उत्तर मात्र संगीतात नव्हतं. त्याकडे येऊच.

भारतात या फोनला जे प्रेम मिळालं ते समजून घ्यायला तेव्हाची परिस्थिती आठवावी लागते. फोन ३जीचा होता, पुढच्या बाजूला व्हिडिओ कॉलसाठी कॅमेरासुद्धा होता, पण देशात ३जी जवळजवळ नव्हतंच. एमटीएनएलने २००८च्या डिसेंबरात दिल्लीत सुरुवात केली, पुढच्या वर्षी मुंबईत. खासगी कंपन्यांना त्यासाठी मे २०१०मध्ये लिलाव संपेपर्यंत थांबावं लागलं. बाकी सगळा कारभार जीपीआरएसच्या मंद वेगावर. अशा नेटवर्कवर ‘इंटरनेटचा फोन’ या बिरुदाचा फायदा मर्यादित होता. करमणूक नेटवरून येत नव्हती, ती हातोहात येत होती. कोपऱ्यावरच्या मोबाईलवाल्याकडे कार्ड द्यायचं, तो पन्नास-शंभर रुपयांत हिंदी, मराठी, रिमिक्स, भक्तिगीतं असं काय हवं ते भरून देई. कॉलेजच्या कट्ट्यावर ब्लूटूथ चालू करून एकाचं गाणं दहाजणांकडे जाई. १ जानेवारी २०१० रोजी ‘नटरंग’ आला आणि अजय-अतुलची ती गाणी महाराष्ट्रभर पसरली, त्यात सीडीच्या दुकानांइतकाच ब्लूटूथचा वाटा असावा असं मला वाटतं. यात कॉपीराइटचा सरळसरळ भंग होता हेही खरं.

आता आयफोन ३जीकडे या चष्म्यातून बघा. ब्लूटूथने गाणं पाठवता येत नाही. कार्ड घालायला जागा नाही. एफएम रेडिओ नाही. व्हिडिओ काढता येत नाही. सुरुवातीला एमएमएस नाही, मजकूर कॉपी-पेस्ट करता येत नाही. गाणी घालायची तर संगणकावर आयट्यून्स हवं. कॅलिफोर्नियातल्या माणसाला यातलं काही खटकत नसेल, पण नाशिकच्या किंवा कोल्हापूरच्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने हा फोन देण्याघेण्याच्या व्यवहाराबाहेर होता. म्हणून ‘या पैशात एवढं सगळं’ हे मत निव्वळ काटकसरीपोटी आलेलं नव्हतं. ते फोन ज्या व्यवहारात वापरायचा त्या व्यवहाराची नेमकी जाण दाखवत होतं. परदेशी समीक्षांची भाषा उसनी घेऊन इथे या फोनला नावं ठेवणाऱ्यांच्या हे लक्षात आलं नाही. नोकियाला ते नक्की ठाऊक होतं. २००८च्या अखेरीस ए. आर. रहमानचा ‘कनेक्शन्स’ हा बिगरफिल्मी अल्बम नोकियाच्या साथीने निघाला, तोही याच खटपटीचा भाग.

इथवर फोनमध्ये काय आहे ते झालं. आता बोट लावूया.

टचस्क्रीन म्हटलं की आज आपल्या डोळ्यांसमोर एकच प्रकार येतो. तेव्हा दोन होते. आयफोनची स्क्रीन कॅपॅसिटिव्ह होती. काचेखाली पारदर्शक वाहक पदार्थाची जाळी असते, तिच्यात विद्युत क्षेत्र तयार केलेलं असतं. माणसाचं शरीर वाहक असल्याने बोट काचेजवळ आलं की त्या ठिकाणचा विद्युतभार जरासा बदलतो आणि जाळीच्या कुठल्या छेदावर बदल झाला हे चिप ओळखते. दाब द्यावा लागत नाही. नुसता स्पर्श पुरतो. दोन बोटं लावली तर दोन जागा वेगवेगळ्या कळतात, म्हणून चिमटीने फोटो मोठा करता येतो. पण नख लावलं किंवा हातमोजा घातला तर या स्क्रीनला काही कळत नाही.

५८००ची स्क्रीन रेझिस्टिव्ह होती. इथे काचेवर वाहक लेप असतो आणि तिच्या वर लवचीक प्लास्टिकचा पापुद्रा, त्याच्याही आतल्या बाजूला तसाच लेप. दोघांच्या मध्ये अगदी बारीक फट, आणि ती राखायला सूक्ष्म ठिपक्यांचे टेकू. वरून दाबलं की पापुद्रा वाकतो आणि खालच्या लेपाला टेकतो. आता जागा कशी ओळखायची? एका थराच्या दोन टोकांना विद्युतदाब दिलेला असतो. लेपाला स्वतःचा रोध असल्याने एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे तो दाब हळूहळू उतरत जातो. सतारीच्या तारेवर बोट कुठे दाबलं त्यावर सूर ठरतो, तसा थर कुठे टेकला त्यावर तिथला विद्युतदाब ठरतो. तो दुसऱ्या थराने मोजला की आडवी जागा कळते. मग भूमिका उलटवायच्या, दुसऱ्या थराला दाब द्यायचा, पहिल्याने मोजायचं, उभी जागा कळते. सेकंदाला अनेकदा हे चालू असतं.

या रचनेतच फोनची निम्मी कीर्ती आणि अपकीर्ती दडलेली आहे. पापुद्रा वाकायला दाब लागतो, म्हणून हलकं बोट फिरवून चालत नाही, दाबावं लागतं. बोटाचं मऊ पेर पसरट असल्याने दाब विखुरतो. नखाचं टोक किंवा काडी लावली तर दाब एका बिंदूत येतो आणि काम चोख होतं. म्हणून ती नखी, आणि म्हणून मागच्या झाकणाजवळ खोवलेली स्टायलसची काडी. दोन बोटं एकदम दाबली तर साध्या रेझिस्टिव्ह स्क्रीनला दोघांच्या अधलीमधली कुठली तरी एकच जागा सापडते, चिमटीचा प्रश्नच येत नाही. शिवाय काच, फट, पापुद्रा असे थर वाढले की प्रत्येक पृष्ठभागावरून थोडा प्रकाश परत फिरतो. साध्या काचेच्या एका पृष्ठभागावर हे प्रमाण साधारण चार टक्के असतं. थरागणिक ते साठत जातं आणि दुपारच्या उन्हात स्क्रीन फिकी पडते.

तरीही नोकियाने हा प्रकार निवडला, आणि तो वेडेपणा नव्हता. एक तर तो स्वस्त. दुसरं, तो कशानेही चालतो: नख, पेनाचं टोपण, लोकरी हातमोजा. नोकिया फिनलंडची. तिथल्या हिवाळ्यात हातमोजे काढून फोन लावायचा म्हणजे काय, हे त्यांना सांगायला नको. तिसरं, चीनसारख्या मोठ्या बाजारात स्क्रीनवर अक्षरं काढून लिहायची सवय होती, त्याला बारीक टोकाची काडी लागते आणि ती काडी कॅपॅसिटिव्ह स्क्रीनवर तेव्हा चालत नव्हती. जाता जाता एक गंमत. यातला जुना प्रकार कॅपॅसिटिव्हच. इंग्लंडमध्ये ई. ए. जॉन्सन यांनी विमान वाहतूक नियंत्रणाच्या कामासाठी त्याची कल्पना १९६५ मध्ये मांडली. रेझिस्टिव्ह स्क्रीन अमेरिकेत सॅम हर्स्ट यांच्या कामातून १९७०च्या दशकात पुढे आली. ‘नोकियाने जुनाट तंत्र वापरलं’ ही टीका इतिहासाला धरून नव्हती, अनुभवाला मात्र धरून होती.

केवळ स्क्रीनचा दोष असता तर लोक सरावले असते. रेझिस्टिव्ह स्क्रीनवर नखाने काम करायची सवय आठवड्याभरात लागते. खरा घोळ स्क्रीनच्या मागे होता, सिंबियन या प्रणालीत. ती वाढली बटणांच्या फोनवर. बटणांच्या फोनमध्ये यादीतल्या एका ओळीवर पट्टी असते, ती वरखाली करायची आणि मधलं बटण दाबायचं. निवडणं आणि उघडणं अशा या दोन पायऱ्या. ५८०० हा ‘एस६० पाचवी आवृत्ती’ या स्पर्शासाठी वाढवलेल्या सिंबियनवरचा पहिला फोन. वाढवलेल्या म्हणजे कशा, तर पहिल्या स्पर्शाने ओळ निवडली जायची आणि दुसऱ्याने उघडायची. बोटाने जिथे टोचलं तिथे काय हवंय हे उघड असताना आधी पट्टी तिथे आणायची काय गरज? पट्टी पूर्वी होती, एवढंच. त्याहून वाईट म्हणजे हा नियम सगळीकडे नव्हता. मुख्य मेनूतल्या चित्रांना एक स्पर्श पुरायचा, आतल्या याद्यांना दोन लागायचे. म्हणजे बोटाला सवय लागायची ती मोडायलाच.

यादी सरकवायची तर उजवीकडची बारीक पट्टी पकडून ओढावी लागे. बोटाने झटका दिला की यादी घरंगळत जाणं, ज्यावर आयफोनवाले फिदा होते, ते इथे सुरुवातीला सगळीकडे नव्हतं. फर्मवेअरच्या पुढच्या अपडेटमधून ते अनेक ठिकाणी आलं. जुने, स्पर्श न ओळखणारे जावा गेम उघडले की स्क्रीनच्या खालच्या भागात चित्रातली बटणं उमटत आणि गेम बिचारा वरच्या भागात अंग चोरून बसे. खरी बटणं काढून टाकायची आणि त्यांची चित्रं काढायची. घोडं पेंड खात होतं ते इथे.

टायपिंगला चार पद्धती दिल्या होत्या: फोन उभा धरून आकड्यांचा नेहमीचा कीपॅड, आडवा धरून पूर्ण कीबोर्ड, काडीने टोचायचा चिमुकला कीबोर्ड, आणि हाताने अक्षरं काढणं. चार पद्धती देणं उदारपणाचं दिसतं. मला ते अनिश्चितपणाचं लक्षण वाटतं. कुठली एक पद्धत चांगली चालेल याची खात्री असती तर चार द्याव्या लागल्या नसत्या.

आता हे सगळं गाणं ऐकणाऱ्याला किती भोवत होतं? जवळजवळ नाहीच. स्क्रीनच्या वर एक छोटा स्पर्शखटका होता, त्याला हात लावला की गाणी, गॅलरी, व्हिडिओ, वेब अशी एक पट्टी खाली उतरायची. पहिल्या पडद्यावर चार जवळच्या माणसांचे चेहरे ठेवता यायचे. कडेला सरकवायचं कुलूप होतं. गाणं लावायचं, कुलूप सरकवायचं, फोन खिशात. सिनेमा लावायचा, फोन स्टँडवर, हात मांडीवर. करमणुकीचा मोठा भाग हा लावा आणि सोडून द्या अशा जातीचा असतो. त्यात बोट फार थोडा वेळ लागतं. ज्या कामात बोट सतत लागतं, म्हणजे वेबवर वाचणं, पत्रं लिहिणं, नकाशा सरकवणं, त्यातच हा फोन अंगावर यायचा. समीक्षक नेमके याच कामांत दिवस घालवणारे लोक होते. मालक गाणी ऐकत होते. मतं वेगळी पडली नसती तरच नवल.

आणखी एक भेद होता, आधीच्या फोनचा. नोकियाचाच एन७३ किंवा ५३१० वापरून आलेल्या माणसाला हा प्रत्येक बाबतीत वरचढ वाटायचा. मेनू तेच, शब्द तेच, चार्जर तोच, वर मोठी स्क्रीन. आयफोनवरून आलेल्याला प्रत्येक स्पर्शात खोट दिसायची. मालकांच्या कौतुकात ‘पदरी पडलं पवित्र झालं’चा अंश असतो हे मान्य. वीस हजार मोजून घेतलेल्या वस्तूला कोण लगेच नावं ठेवील? पण समीक्षकाकडे फोन आठवडाभर असतो, मालकाकडे दोन वर्षं. पहिल्या आठवड्यात जे बोचतं ते पुढे अंगवळणी पडतं आणि पहिल्या आठवड्यात जे दिसत नाही ते पुढे छळतं. या फोनच्या सुरुवातीच्या काही नगांमध्ये कानाशी धरायचा स्पीकर मंदावत जाण्याचा दोष निघाला आणि कंपनीला तो मान्य करून भाग सुधारावा लागला. गाण्यांचे दोन्ही स्पीकर खणखणीत आणि समोरच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही! समीक्षांमध्ये हे सापडणं कठीण, कारण ते महिन्यांनंतर घडायचं.

विक्री मात्र तुफान झाली. २००९च्या जानेवारीपर्यंत दहा लाख फोन गेले, आणि त्या वर्षाच्या पहिल्या तिमाहीत एकट्या या मॉडेलची २६ लाखांची खेप गेली. कुठल्याही कंपनीला याचा अर्थ ‘आपलं बरोबर चाललंय’ असाच वाटला असता. मला वाटतं, नोकियाचं नुकसान टीकेने केलं नाही, या आकड्यांनी केलं. गिऱ्हाईक फोनमध्ये काय आहे ते बघून घेत होतं, आणि कंपनीने समजून घेतलं की स्पर्शाचं कोडंही सुटलं. तीच प्रणाली, तेवढ्याच ठिपक्यांची रेझिस्टिव्ह स्क्रीन आणि तेवढीच १२८ एमबी रॅम घेऊन २००९ मध्ये एन९७ हा महागडा फोन आला. वीस हजारांच्या संगीत-फोनला जे माफ होतं ते तिशीपलीकडच्या फोनला कोणी माफ केलं नाही. एन९७ने वापरणाऱ्यांची फार निराशा केली अशी कबुली नंतर नोकियाच्याच आन्सी वान्योकी यांनी जाहीरपणे दिली. गार्टनरच्या आकडेवारीत स्मार्टफोनच्या जगात सिंबियनचा वाटा २००९ मध्ये ४६.९ टक्के होता, २०१० मध्ये ३७.६ झाला. अँड्रॉइड त्याच काळात ३.९ वरून २२.७ वर गेलं. फेब्रुवारी २०११ मध्ये नोकियाने मायक्रोसॉफ्टचा हात धरला आणि सिंबियनचा शेवट ठरला.

करमणुकीच्या बाजूला कंपनीचा एक मोठा बेत होता, तोही सांगायला हवा. ‘कम्स विथ म्युझिक’ या नावाने २००८च्या ऑक्टोबरात ब्रिटनमध्ये एक योजना सुरू झाली: फोन घ्या, वर्षभर हवी तेवढी गाणी उतरवा, वर्ष संपलं तरी ती तुमचीच. ऐकायला राजेशाही. पण गाणी कुलूपबंद होती, त्या एका फोनवर आणि एका संगणकावरच वाजणारी. मित्राला द्यायची नाहीत, दुसऱ्या फोनमध्ये न्यायची नाहीत. पुढे तिचं नाव ‘ओव्ही म्युझिक अनलिमिटेड’ झालं, २०१० मध्ये ती भारतातही आली, आणि २०११च्या सुरुवातीला कंपनीने ती बहुतेक देशांत गुंडाळली. भारत हा ती चालू राहिलेल्या मोजक्या देशांपैकी एक. ब्लूटूथने फुकट गाणी देणाऱ्याघेणाऱ्या देशात कायदेशीर आणि अमर्याद गाण्यांची योजना टिकावी, हा योगायोग नसावा. गाण्यांची भूक इथे होतीच.

५८००ची भावंडं पुष्कळ निघाली. एक्स६ला कॅपॅसिटिव्ह स्क्रीन मिळाली, पण मेनू जुनेच राहिले. बोट हलकं झालं, दोन स्पर्शांचा घोळ होता तिथेच होता. आणि भारतात खरी धूम केली ती ५२३३ने. ३.२ इंचांची तीच स्क्रीन आणि तीच काडी, पण वायफाय, ३जी, जीपीएस काढून टाकलेलं, किंमत निम्म्याहून खाली. म्हणजे ‘सगळं आहे’ या एका मुद्द्यावर ज्या घराण्याचं कौतुक झालं, त्याच्या या धाकट्या फोनमध्ये सगळं नव्हतंच. तरी तो गावोगाव पोचला. बऱ्याच मराठी घरांत शिरलेला पहिला टचफोन हाच असेल. तेव्हा मला शंका येते की गिऱ्हाईक तेवढी यादीही तपासत नव्हतं. नोकियाचं नाव, मोठी स्क्रीन, खणखणीत आवाज आणि कार्ड, इतकं त्याला पुरत होतं.

२०१३ मध्ये नोकियाने दहा हजारांच्या आसपास ल्युमिया ५२० आणला. विंडोज फोन, चार इंची कॅपॅसिटिव्ह स्क्रीन, आणि तीही अशी संवेदनशील की नखाला आणि हातमोज्यालाही दाद द्यायची, म्हणजे रेझिस्टिव्हचा जो एक खरा गुण होता तोही तिच्यात आला होता. स्पर्श लोण्यासारखा. हाताळून पाहिला की कोणी नाव ठेवत नसे. आत बॅटरी बीएल-५जे, ५८००चीच. या वेळी तक्रारी उलट दिशेने आल्या: हे ॲप नाही, ते ॲप उशिरा येतं, पुढे कॅमेरा नाही, फ्लॅश नाही.